दहावीचा निरोप: मनोगतांच्या आधी हजेरीपट काढा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावातील पाचवी ते दहावीच्या शाळेत आपण प्रथमच दहावीच्या वर्गशिक्षिका झाला आहात. फेब्रुवारी-मार्च २०२६ च्या परीक्षेला बसणारी तुकडी आपल्याकडे आहे. निरोप समारंभाच्या निमित्ताने मुलांनी शाळेतील सहा वर्षांविषयी लिहावे आणि बोलावे, असे मुख्याध्यापकांनी सुचवले आहे. त्यासाठी दिवाळीच्या सुट्टीआधी आपण नमुन्यादाखल काही मनोगते मागवली, तर ती सगळी एकाच मुलाने लिहिल्यासारखी निघाली. मुलांकडे सांगण्यासारखे काही नाही की त्यांना लिहिता येत नाही, आणि उरलेल्या थोड्या आठवड्यांत यावर काय करता येईल, असे आपण विचारले आहे.

मी अनेक वर्षे मराठी शिकवले, पुढे मुख्याध्यापक झालो, आणि या सगळ्या काळात शाळेचे हस्तलिखित व वार्षिक अंक यांचे काम माझ्याकडेच राहिले. त्या अनुभवावरून सांगतो की मुलांकडे सांगण्यासारखे भरपूर असते आणि बहुतेकांना ते लिहिताही येते. अडचण आपल्या प्रश्नातच असते. ‘शाळेविषयी तुला काय वाटते ते लिही’ असे म्हटले की मूल स्वतःला काय वाटते ते लिहीत नाही, काय वाटायला हवे ते लिहिते. मग शाळा ज्ञानमंदिर होते, वर्ग दुसरे घर होतो, शिक्षक मातीच्या गोळ्याला आकार देतात आणि पाखरे घरट्यातून उडून जातात. पूर्वी ही वाक्ये भाषणांच्या तयार पुस्तकांतून येत असत, आता ती मोबाइलवरून येतात आणि पूर्वीपेक्षा शुद्ध असतात, एवढाच फरक. म्हणून माझा पहिला आग्रह असा की मुलांकडे मत मागू नये, नोंद मागावी. कृतज्ञता तर मुळीच मागू नये. जी असेल ती नोंदीतून आपोआप दिसते, आणि नसेल तर ती निबंधात उसनी आणून काही साधत नाही.

सुरुवात हजेरीपटापासून करावी. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन या तुकडीचे पाचवीपासूनचे सगळे हजेरीपट कार्यालयातून काढून घ्या. ते मुलांच्या हाती सरसकट देऊ नका, कारण त्यांत जन्मतारखा आणि जातीचे रकाने असतात. नावांची यादी तेवढी वेगळी उतरवून घ्या आणि इयत्तेप्रमाणे सहा मोठे कागद वर्गात भिंतीवर लावा. प्रत्येक कागदावर वर्षाच्या सुरुवातीचा पट, मध्येच दाखल झालेली नावे आणि वर्षअखेरपर्यंत कमी झालेली नावे असावीत. पहिल्या दिवशी याहून अधिक काही करू नये. मुले मधल्या सुट्टीत त्या कागदांसमोर उभी राहतात, एकमेकांना बोटाने नावे दाखवतात, आणि ‘अरे, हा आपल्यात होता की!’ असे कोणीतरी म्हणते. खरे काम तेथून सुरू होते.

निरोप समारंभाला जो वर्ग बसतो तो पाचवीत दाखल झालेला वर्ग नसतो, ही गोष्ट शिक्षकांना ठाऊक असते, पण मुलांनी तिच्याकडे कधी पाहिलेले नसते. कोणी जवळच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत गेलेला असतो, कोणाच्या वडिलांची बदली झालेली असते. ऊसतोडीच्या भागात दिवाळीनंतर आई-वडिलांबरोबर कारखान्यावर गेलेली मुले दरवर्षी थोडी थोडी कमी होत जातात. एखादी मुलगी आठवीनंतर येत नाही आणि कारण सगळ्यांना माहीत असूनही कोणी बोलत नाही. काही नावे आठवी-नववीच्या उंबरठ्यावर गळतात, कारण त्यानंतर अभ्यास अचानक चढतो आणि मोफत पाठ्यपुस्तकेही बंद होतात. ज्या वर्गाला आपल्या सहा वर्षांकडे पाहायचे आहे, त्याने या नावांना वगळून पाहिले तर ते अर्धेच पाहणे झाले, असे माझे स्पष्ट मत आहे. या मुलांविषयी प्रत्येकी चार-पाच ओळी लिहाव्यात, ती कोणत्या बाकावर बसत होती, कशात हुशार होती, शेवटची कधी दिसली. शाळा सोडल्याच्या कारणाबद्दल अंदाज लिहू देऊ नये. शक्य असेल तेथे त्यांच्याशी संपर्क करून, त्यांची आणि घरच्यांची हरकत नसेल तर, समारंभाला बोलवावे. एक-दोघे तरी येतात, आणि आले की बहुधा दाराशी घुटमळतात. त्यांना आत आणून मूळच्या बाकावर बसवण्याचे काम वर्गातील कोणाकडे तरी आधीच सोपवून ठेवावे.

आता आपल्या तुकडीविषयी विशेष सांगायचे आहे, कारण ही तुकडी आधीच्या तुकड्यांसारखी नाही. ही मुले जून २०२० मध्ये पाचवीत गेली. चौथीचा शेवट मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे अर्धवट राहिला, जिल्हा परिषदेच्या शाळेचा निरोप झालाच नाही, आणि माध्यमिक शाळेत प्रवेश झाला तो शाळेची इमारत न पाहता. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावाने रोजचा अभ्यास मोबाइलवर येऊ लागला आणि सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका सुरू झाली, ते हे वर्ष. मुंबई वगळता राज्यात पाचवी ते आठवीचे वर्ग २७ जानेवारी २०२१ पासून सुरू करण्यास परवानगी मिळाली, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये रुग्ण वाढले तसे ते जागोजागी पुन्हा बंद झाले. एप्रिलमध्ये पहिली ते आठवीची मुले परीक्षेविना वर्गोन्नत झाली. सहावीची सुरुवात मागच्या इयत्तेची उजळणी करून घेणाऱ्या पंचेचाळीस दिवसांच्या सेतू अभ्यासाने आणि तीही घरूनच झाली. ४ ऑक्टोबर २०२१ पासून ग्रामीण भागात पाचवीपासूनचे वर्ग भरू लागले, शहरी भागात मात्र आठवीच्या खालच्या मुलांना डिसेंबरपर्यंत थांबावे लागले. जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा काही आठवडे कुलूप लागले.

यातच एक गोष्ट बाहेरच्या लोकांच्या लक्षात येत नाही, पण वाड्यावस्त्यांवरून येणाऱ्या मुलांना ती आजही पक्की आठवते. शाळा उघडून महिना होतो न होतो तोच, ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस, एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. मुलींकडे मोफत पास होता, पण गाडी नव्हती. कोणी वडापने, म्हणजे खासगी जीपने, आले, कोणी मोठ्या भावाच्या सायकलवर डबलसीट आले, कोणी आलेच नाही. याचा हिशेब मांडला तर असे दिसते की आपली तुकडी या शाळेत सलग, पूर्ण वर्ष प्रथम बसली ती सातवीत, म्हणजे २०२२-२३ मध्ये. इतर तुकड्यांना ‘पाचवीतला पहिला दिवस’ हा विषय देता येतो, या तुकडीला तो देऊन चालणार नाही. त्यांच्यापैकी अनेकांना शाळेचा पहिला दिवस दोनदा, तीनदा आला, काहींना तो सहावीत आला, आणि जो आला त्या दिवशी शेजारच्याचे नाव मोबाइलवरच्या यादीतून माहीत होते, मास्कमुळे चेहरा मात्र अर्धाच दिसत होता. त्यांना विचारायचे ते हेच: तुझा पहिला दिवस कोणता धरायचा?

पुढची वर्षेही अशीच स्वतंत्रपणे नोंदवण्याजोगी आहेत. २०२३-२४ मध्ये ही मुले आठवीत होती. त्या वर्षी पाठ्यपुस्तके चार भागांत आली आणि प्रत्येक पाठानंतर ‘माझी नोंद’ अशा शीर्षकाची कोरी पाने होती. ती योजना पुढे बंद झाली. त्याच वर्षी पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षेत उत्तीर्ण होणे आवश्यक झाले, म्हणजे कोणतीही परीक्षा न देता पाचवीतून सहावीत गेलेल्या या मुलांवर बदललेल्या नियमाचा पहिला प्रयोग झाला. नववीत पोषण आहाराची रांग सुटली. याविषयी मुले आधी हसून बोलतात आणि मग थोडे थांबून सांगतात की मधल्या सुट्टीत डबा कोणाकडे असतो आणि कोणाकडे नसतो हे त्यांना नववीत प्रथम कळले. असे वाक्य कोणत्याही तयार भाषणात सापडणार नाही.

त्या आठवीच्या पुस्तकांचा मी आपल्या जागी असतो तर नक्की उपयोग करून घेतला असता. काही मुलांनी पुस्तके परत केली असतील, काहींनी रद्दीत घातली असतील, पण वर्गात काही संच तरी निघतील. ‘माझी नोंद’च्या पानांवर अभ्यासाच्या नोंदी किती आहेत ते सोडून द्या. तेथे चित्रे असतात, क्रिकेटचे धावफलक असतात, शेजाऱ्याशी तासाला चाललेले लेखी संभाषण असते, कोणाच्या तरी सहीचा पन्नास वेळा केलेला सराव असतो. शासनाने अभ्यासासाठी दिलेल्या कोऱ्या पानांवर एका अख्ख्या वर्गाची रोजनिशी नकळत लिहिली गेली आहे. त्यांतील दोन-तीन पाने, संबंधित मुलांना विचारून, या सगळ्या लेखनाचे जे हस्तलिखित बांधायचे त्यात जशीच्या तशी चिकटवावीत.

लेखन प्रत्यक्षात कसे सुधारते ते एका उदाहरणाने सांगतो. एका मुलाने मला लिहून दिले होते, ‘आमच्या शाळेने आम्हाला शिस्त व वक्तशीरपणा शिकवला.’ मी वाक्य खोडले नाही. समासात तीन शब्द लिहून कागद परत दिला: कधी, कोणी, कसा. दुसऱ्या दिवशी त्याने आणले ते असे होते: ‘सातवीत आमच्या वर्गाच्या दाराची कडी तुटली होती. वाऱ्याने दार आपटायचे म्हणून रोज एकाने दाराला वीट लावायची असे ठरले. वीट लावणारा प्रार्थनेच्या आधी आला नाही तर बाई एका हाताने दार धरून शिकवायच्या. माझी पाळी मंगळवारी होती. मंगळवारी मी कधी उशीर केला नाही.’ यात शिस्त हा शब्द नाही आणि बाईंचे आभारही नाहीत. तरी ते वाचल्यावर त्या बाईंनी मला विचारले की हा कागद मी ठेवून घेऊ का.

दुसरे उदाहरण आपल्याच तुकडीच्या वयाच्या एका मुलीचे आहे. निवृत्तीनंतर एका शाळेत लेखनाचे सत्र घेण्यासाठी गेलो होतो, तेथे तिने पाचवीचे वर्ष असे लिहिले: ‘वडील दूध संकलनाला जायचे आणि फोन त्यांच्याबरोबर जायचा. ते दहा वाजता परत आले की मी ग्रुपवरचे मेसेज खालून वर वाचायचे. आधी सगळ्यांचे हजर, हजर दिसायचे, मग उत्तरे दिसायची आणि सगळ्यांत शेवटी सरांचा प्रश्न दिसायचा.’ ऑनलाइन शिक्षणातील विषमतेवर मी पुष्कळ वाचले आहे, परंतु त्या वर्षी एका घरात नेमके काय घडत होते हे मला या तीन वाक्यांनी सांगितले. अशा लेखनावर शिक्षकाने काही करायचे असेल तर ऱ्हस्व-दीर्घ तपासावे आणि हात आवरता घ्यावा. शेवटी ‘तरीही आम्ही जिद्दीने शिकलो’ असे वाक्य जोडण्याचा मोह आपल्याला होईल, मुलीलाही होईल. ते जोडू नये.

प्रश्न काय विचारावेत, असे आपण पुढे विचारालच. प्रश्न लहान आणि जागेशी, वस्तूशी, माणसाशी बांधलेले असावेत. वर्गातील कोणता बाक कोणाला नको असायचा आणि का; घंटा कोण देते आणि ती देणाऱ्या मामांची चाल कशी आहे; पावसात कोणत्या खोलीत कुठे गळते; पाण्याच्या टाकीवर रांग कशी लागते; एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेला कोणत्या गावी गेला होता आणि डब्यात काय होते; स्नेहसंमेलनात पडद्यामागे काय चालले होते; कोणता धडा आता पुस्तक न उघडता सांगता येईल; कोणत्या शिक्षकांचा आवाज शेजारच्या वर्गातून ऐकू यायचा. एका वेळी एकच प्रश्न द्यावा, तोही तासाच्या अखेरच्या पंधरा मिनिटांत, आणि वर्गातच लिहून घ्यावे. घरी लिहायला दिले की मोबाइल आला आणि ज्ञानमंदिर परत आले. जी मुले लिहायला कचरतात त्यांना जोडीने बसवून एकाने सांगायचे, दुसऱ्याने लिहायचे, असे करावे. मागच्या बाकावरच्या मुलांचे सांगणे बहुधा सर्वांत भरीव निघते, कारण वर्ग त्यांनीच पाठीमागून अखंड पाहिलेला असतो.

एकाच घटनेची दोन-तीन मुलांनी वेगवेगळी हकिकत सांगितली तर गोंधळून जाऊ नये. सहल सातवीत गेली की आठवीत, पाऊस होता की नव्हता, बस बंद पडली ती जाताना की येताना, यावर वर्गात कडाक्याचा वाद होतो. तो होऊ द्यावा. मग सहलीच्या परवानगीची फाइल किंवा शाळेचे सूचनांचे रजिस्टर काढून खात्री करून घ्यावी. सूचनांचे रजिस्टर हे फार दुर्लक्षित साधन आहे. वर्गावर्गांत फिरवलेली प्रत्येक सूचना त्यात तारखेसह असते आणि तिच्याखाली शिक्षकांच्या सह्या असतात. आपली आठवण कागदाशी ताडून पाहण्याची सवय मुलांना इतिहासाच्या पुस्तकापेक्षा येथे अधिक लवकर लागते.

आता नाजूक गोष्टींकडे येतो. मुले खरे लिहू लागली की त्यांत टोपणनावे येतात, मुलगा-मुलीची नावे जोडलेली येतात, माराच्या कथा येतात. टोपणनाव ज्याचे आहे त्याने स्वतः मान्य केले तरच ठेवावे, आणि वर्गासमोर त्याला विचारू नये, कारण वर्गासमोर कोणीच नाही म्हणत नाही. जोडलेली नावे सरळ काढावीत. शिक्षेविषयी आपली भूमिका आधीच ठरवून ठेवा. शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला बंदी आहे, आणि तरीही ‘सरांनी मारले म्हणून मी सुधारलो’ असे लिहिणारी मुले दर वर्षी असतात. तसे वाक्य मी छापू देत नसे. मुलाला वेगळे बोलावून, त्या दिवशी नेमके काय झाले ते विचारत असे, आणि गरज असेल तर ती गोष्ट हस्तलिखिताऐवजी मुख्याध्यापकांच्या टेबलावर जात असे. आणखी एक गोष्ट फार कमी वेळा लिहिली जाते, पण लिहिली जाते तेव्हा शिक्षकाने दोनदा वाचावी. शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना प्रवर्गाप्रमाणे नावे मोठ्याने वाचून मुलांना उभे केले जाते, तो प्रसंग. वाचणाऱ्या शिक्षकाला ते कार्यालयीन काम वाटते. उभ्या राहिलेल्या मुलाला तो तास दहावीतही आठवतो. असे कोणी लिहिले तर ते हस्तलिखितात घ्यायचे की नाही हे त्या मुलावर सोपवावे, परंतु शाळेने यादी वाचण्याची पद्धत त्याच आठवड्यात बदलावी.

आपले मुख्याध्यापक तक्रारीच्या सुराला हरकत घेतील, अशी आपली भीती दिसते. मी त्या खुर्चीवर बसलेलो असल्यामुळे सांगतो की हरकत बहुधा वस्तुस्थितीला नसते, विशेषणांना असते. ‘शाळेने आमचे नुकसान केले’ हे वाक्य कोणताही मुख्याध्यापक काढायला सांगेल. ‘आठवीत दिवाळीपर्यंत आम्हाला गणिताला शिक्षक नव्हते, तेव्हा मराठीच्या बाई आमच्याबरोबर बसून उदाहरणे सोडवायच्या आणि त्यांनाही काही उदाहरणे यायची नाहीत’ हे वाक्य काढायला सांगणे कठीण आहे. शिक्षक भरती वर्षानुवर्षे रखडलेली होती हे संस्थेला, पालकांना आणि शिक्षण खात्यालाही माहीत आहे. मुलांनी ती आपल्या डोळ्यांनी पाहिली तशी लिहिली तर त्यात शाळेची नाचक्की नाही. तरीही काही वाक्यांवर अडले तर त्यावर वाद न घालता मुख्याध्यापकांना मूळ कागद, मुलाच्या हस्ताक्षरातील, वाचायला द्यावा. टंकलिखित मजकूर वाचून रागावणारा माणूस पेन्सिलीच्या अक्षरापुढे पुष्कळदा नरमतो.

यावरूनच हस्तलिखिताचा आग्रह धरतो. छापील स्मरणिकेला जाहिराती लागतात, जाहिरातींबरोबर जाहिरातदारांचे शुभेच्छासंदेश येतात, संदेशांबरोबर फोटो येतात आणि मुलांसाठी शेवटची काही पाने उरतात. हस्तलिखिताला चांगला जाड कागद, काळी शाई आणि गावातील बाइंडर एवढे पुरते. प्रत्येक मुलाने आपले पान स्वतःच्या अक्षरात लिहावे. सुंदर अक्षराच्या दोन मुलींकडून सगळे पुन्हा उतरवून घेण्याची जी पद्धत आहे ती मला कधीच पटली नाही, कारण त्यात दोन मुलींची दिवाळीनंतरची संध्याकाळ जाते आणि बाकीच्यांचे अक्षर नाहीसे होते. सजावट चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्या मुलांकडे द्यावी. पुस्तक पूर्ण झाले की त्याची नीट स्कॅन केलेली पीडीएफ करून घरोघरी पाठवता येते. तीत दूरध्वनी क्रमांक आणि पत्ते असू नयेत, आणि छायाचित्रांसाठी पालकांची संमती घ्यावी.

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांत मी पुष्कळ बसलो आहे. १९७५ मध्ये जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली अशा दोन तुकड्या शाळांमधून एकाच वेळी बाहेर पडल्या. त्यांच्यातील चेष्टा-मस्करी साठीतही चालू होती, कोण ‘पूर्ण’ मॅट्रिक आणि कोण ‘एक वर्ष कमी’, यावरून. २०२० च्या तुकडीला भूगोलाचा पेपर न देता पास झाल्याचे आजही ऐकावे लागते. २०२१ च्या तुकडीने तर परीक्षाच दिली नाही, निकाल ९९.९५ टक्के लागला, आणि त्या मुलांपैकी पुष्कळांना निरोप समारंभही मिळाला नाही, याची रुखरुख टक्केवारीवरून होणाऱ्या टोमण्यांपेक्षा जास्त आहे. मेळाव्याला आलेली माणसे शाळेच्या जुन्या कागदांत काय शोधतात, हे मी पाहत आलो आहे. कोणीही प्रमुख पाहुण्यांचे भाषण शोधत नाही. आधी स्वतःचे नाव शोधतात, मग शेजारी बसणाऱ्याचे, मग जो मधेच शाळा सोडून गेला त्याचे. हस्तलिखितात काय असावे याचा निर्णय करताना हा क्रम लक्षात ठेवला तर पुरेसे आहे.

समारंभाविषयी थोडक्यात. नववीचा वर्ग तयारी करतो, फळ्यावर रंगीत खडूने शुभेच्छा लिहिल्या जातात, पाहुणे बोलतात, मुख्याध्यापक बोलतात, आणि समोशाच्या बशा येईपर्यंत दहावीच्या दोन हुशार मुलींना मनोगतासाठी पाच-पाच मिनिटे उरतात. हे बदलता येते. सहा वर्षांसाठी सहा जोड्या कराव्यात, प्रत्येक जोडीने एका इयत्तेची हस्तलिखितातील निवडक पाने तीन-चार मिनिटांत वाचावीत. भाषण नाही, वाचन. त्यामुळे कोणाला पाठ करावे लागत नाही आणि रडूही पाठ करून येत नाही. वाचणारी मुले गुणांवरून न निवडता कोणाचे पान चांगले उतरले यावरून निवडावीत. पाहुण्यांचे भाषण वाचनानंतर ठेवावे म्हणजे त्यांना ऐकलेल्यावर बोलावे लागते. शिपाई मामांना आणि पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना दोन मिनिटे बोलायला सांगावे. ते नको म्हणतील, तरी सांगावे.

वेळेचे गणित मात्र कडक आहे. डिसेंबर-जानेवारीत पूर्वपरीक्षा, फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा, आणि लगेच बोर्डाचा पेपर. म्हणून लेखन दिवाळीची सुट्टी संपल्यापासून पूर्वपरीक्षेपर्यंतच उरकावे. जानेवारीत फक्त बांधणी आणि वाचनाचा सराव ठेवावा, त्यानंतर मुलांना यासाठी एक तासही मागू नये. पालकांनी विचारलेच तर सांगावे की मराठीच्या लेखनकौशल्याचा हा सराव आहे, आणि ते खरेच आहे.

जूनमध्ये हीच मुले शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला येतील. त्यावर सहा वर्षांबद्दल दोन रकाने असतात, प्रगती आणि वर्तणूक, आणि ते बहुतेकांचे ‘समाधानकारक’ व ‘चांगली’ असेच भरले जातात. मुलाने शाळेविषयी लिहिलेले पान याच सुमारास ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत चढलेले असावे, एवढे आपण आधी करून घ्या. शीर्षक, तुकडी, वर्ष आणि दाखल क्रमांक घालून हस्तलिखित कपाटात गेले नाही, तर ते मुख्याध्यापकांच्या खोलीत करंडकांच्या मागे पडून राहते आणि पुढच्या रंगरंगोटीत हरवते. पुढच्या दहावीच्या वर्गशिक्षकाला कामाला लागताना ते मागता आले पाहिजे.